टायरचे आठ सेंटिमीटर

नवी मुंबईतला बराचसा सपाट भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. खाजणं, भातखाचरं आणि मिठागरं यांच्यावर सिडकोने शहर आखलं, तेव्हा सगळी जमीन भरतीच्या वर उचलायची तर मातीच्याच खर्चात शहर बुडालं असतं. त्यामुळे डच लोकांची पद्धत घेतली. खाडीच्या कडेने बांध, बांधाच्या आत मोठाले धारण तलाव आणि बांधातल्या मोऱ्यांना खाडीच्या बाजूने लोखंडी झडपा. कागदावर ‘धारण तलाव’, बोलताना सगळेच होल्डिंग पाँड म्हणतात. खाडी चढली की तिच्याच दाबाने झडप मोरीच्या तोंडावर घट्ट बसते. मग नाल्यांतून येणारं पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला खाडी तलावाच्या खाली गेली की आतलं पाणी झडपेला ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज, ना बटण दाबायला माणूस. इतकी साधी वस्तू, म्हणूनच तिच्याकडे कुणी बघत नाही.

मी लिहितोय तो जुलैतला दिवस अशाच एका तलावावरचा. नाव सांगत नाही. साधारण बारा हेक्टरचा तलाव, सहा मोऱ्या, प्रत्येकीला दीड मीटर बाय दीड मीटरची झडप. आसपासच्या एक चौरस किलोमीटर वस्तीचं पाणी त्यात येतं. तलावाची पातळी मोजायच्या आमच्या पट्टीचा शून्य म्हणजे सरासरी समुद्रपातळी. शेजारच्या रस्त्याचा सगळ्यात खोलगट भाग या पट्टीवर १.० मीटरवर आहे. तलावाने तो आकडा गाठला की रस्त्यावरच्या जाळीतून पाणी खाली जायचं थांबतं आणि वर यायला लागतं.

पौर्णिमा होऊन दुसरी तिथी. पावसाळ्यात मोठी भरती दुपारची असते, हिवाळ्यात रात्रीची. कोळीवाड्यात अजून तिथीची पाऊणपट करून वेळ काढतात. द्वितीयेची पाऊणपट दीड, आणि भरती-ओहोटीच्या कोष्टकातही दुपारी दीडच होता. उंची ४.६ मीटर. दर वर्षी या आकड्यावर टीव्हीवाले ‘साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ म्हणून ओरडतात आणि लोक मरीन ड्राइव्हवर लाटा बघायला जातात. ती लाटेची उंची नव्हे, पाण्याची पातळी आहे. तीही अगदी खालच्या ओहोटीच्या शून्यापासून मोजलेली. मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर. म्हणजे ४.६ ची भरती आमच्या पट्टीवर २.१. रस्ता १.० वर आणि खाडी २.१ वर, मध्ये फक्त बांध. खरी बातमी ही आहे, पण तिला लाटा नाहीत.

पावणेअकराच्या सुमाराला झडपा बसल्या. पाऊस साडेदहापासूनच जोरात होता आणि पुढचे पावणेपाच तास थांबला नाही. झडपा बंद असलेल्या या वेळात ११० मिलिमीटर झाला. हवामान खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत ६४.५ च्या वर गेला की ‘मुसळधार’. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ झाला होता, त्यापुढे हे काहीच नाही. पण पाऊस किती पडला यापेक्षा खाडी वर असताना किती पडला, एवढंच आमच्या कामाचं.

सव्वाबाराला पंपवाल्या पोराला चौथ्या मोरीच्या आतल्या तोंडाशी पाणी खदखदताना दिसलं. झडपा नीट बसल्या असतील तर तिथलं पाणी संथ असतं, वर पावसाचे थेंब तेवढे. इथे गढूळ, फेसाळ पाणी आत येत होतं. बांधावरून बाहेरच्या बाजूला बांबू घालून चाचपलं तर झडपेच्या खालच्या कडेत रबरासारखं काहीतरी लागलं. स्कूटरचा टायर. सकाळच्या ओहोटीत तलावातून वाहत आला, झडप मिटताना कडेत सापडला. त्याला काथ्याचा दोर आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा चिखलाळ गोळा. नाल्यात टायर टाकणाऱ्याला तो कुठे जाऊन अडकेल याची फिकीर नसते. कागदाचा कपटा रस्त्यावर टाकला की दंड होतो, टायरला कुणी विचारत नाही.

टायरची जाडी नऊ-दहा सेंटिमीटर. झडप वर बिजागरीवर टांगलेली असते, त्यामुळे खाली दहा सेंटिमीटर फट पडली की दोन्ही बाजूंनाही निमुळती फट पडते. सगळी मिळून ०.३ चौरस मीटर. पाण्याच्या उंचीतला फरक सरासरी अर्धा मीटर धरला तर सेकंदाला अर्ध्या घनमीटरच्या वर खारं पाणी आत. तासाला दोन हजार घनमीटर. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर तासाभरात आत ओतल्यासारखं.

आमच्याकडे डिझेलचे दोन पंप, प्रत्येकी तासाला दोनशे घनमीटरचे. सक्शनची जाळी दर पंधरा मिनिटांनी प्लॅस्टिकने गच्च होते, मग पंप हवा ओढायला लागतो, बंद करा, जाळी खरवडा, पुन्हा पाणी भरून प्रायमिंग करा. दोन्ही पंप न थांबता चालले तरी बारा हेक्टर तलावाची पातळी तासाला साडेतीन मिलिमीटरसुद्धा उतरत नाही. तरीही पंप चालवावे लागतात, कारण त्यांचा आवाज आला की लोकांना काम चालू आहे असं वाटतं. नेत्यांनाही.

टायर लगेच काढायचा का, यावर फोनवर बराच वाद झाला. साहेबांचं म्हणणं, अग्निशमनवाल्यांकडून पाणबुड्या मागवा. बाहेर झडपेच्या उंबऱ्यापाशी अडीच मीटरच्या वर पाणी, हाताला हात दिसणार नाही एवढं गढूळ, आणि फटीतून ओढ. भरतीच्या माथ्याला झडपेवर दोन टनांच्या आसपास जोर असतो. टायर सुटला की झडप त्याच क्षणी मिटणार, आणि हात कडेत असेल तर संपलंच. मी नाही म्हटलं. वाट बघायची ती खाडी आणि तलाव एका पातळीला येण्याची. त्या वेळी झडप सैल होते, कुठल्याच बाजूने जोर नसतो. तोवर बारा एमएमच्या सळईचा लांब आकडा वाकवून घेतला आणि बांधावरच्या खांबाला दोन टनाची चेनपुली लावून ठेवली.

एकच्या सुमाराला रस्त्यावर पाणी आलं आणि दीडपर्यंत बांधावर गर्दी जमली. मागणी एकच: गेट उघडा. सोबत एक माजी नगरसेवक, त्यांचाही सूर तोच, फक्त चढा. दरवाजा बंद म्हणून पाणी तुंबलं असंच माणसाला वाटणार. आमची पट्टी आतल्या बाजूला, बाहेरची खाडी बांधाआड, दोन्ही एकदम दिसत नाहीत. त्यातल्या एका वयस्कर काकांना हाताला धरून बांधाच्या माथ्यावर नेलं आणि म्हटलं, काका, आधी डावीकडे बघा, मग उजवीकडे. खाडी आमच्या तलावापेक्षा जवळजवळ हातभर वर होती. काका क्षणभर गप्प राहिले, मग खाली वळून ओरडले, “अरे, उघडलं तर सगळी खाडी घरात येईल!” माझं तासाभराचं समजावणं त्यांनी एका वाक्यात संपवलं. नगरसेवक मात्र फोन लावत राहिले.

तीन पंचवीसला दोन्ही पातळ्या जुळल्या. आकडा टायरात अडकवला, चेनपुली चार-पाच हात ओढली आणि टायर वर आला. अर्धं मिनिटही लागलं नाही. सगळ्यांनी त्याचे फोटो काढले. तलाव त्या वेळी १.३५ वर, म्हणजे रस्त्याच्या खोलगट भागात पस्तीस सेंटिमीटर पाणी. तळमजल्यांच्या उंबऱ्यांवरून गेलेलं, मीटरच्या खोल्यांत शिरलेलं. नंतर सहाही झडपा हलल्या, पाणी बाहेर धावलं, पाचच्या आत रस्ता मोकळा झाला. गर्दी घरी गेली. साहेबांचा फोन आला, शाब्बास.

सहा वाजता पट्टी ०.६ वर येऊन थांबली. खाडी उतरतच होती, ओहोटी साडेसातला होती. सातला बाहेरचं पाणी शून्याच्याही बरंच खाली गेलेलं, आत मात्र ०.६ च. झडपा उघड्या, वाट मोकळी, मधला फरक दीड मीटरच्या आसपास, आणि पाणी म्हणून जाईना. बांधावरून खाली उतरलो तेव्हा दिसलं. झडपांच्या पुढे दहा-बारा पावलांवर गाळाचा आडवा बांध तयार झालेला, झडपांच्या उंबऱ्यापेक्षा मीटरभर उंच. त्याच्या माथ्यावरून बोटभर पाणी झिरपत होतं. झडपा गुडघाभर गाळात रुतलेल्या, त्यामुळे निम्म्याच उघडत होत्या. शेजारच्या गावठाणातले एक होडीवाले जाळं घेऊन चालले होते. म्हणाले, “दरवाजाच्या भायेर गाल हाय, पानी जाल कसा?” त्यांना हे कधीचं माहीत होतं. त्यांना विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

गाळ साचण्याचं कारण सरळ आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत आतून बाहेर जाणारं पाणी जवळजवळ नाही. खाडीचं गढूळ पाणी मात्र दिवसातून दोनदा झडपेपर्यंत येतं, बंद झडपेपुढे संथ होतं आणि अंगातला गाळ तिथेच टाकून जातं. त्यावर उपाय दोन. एक, पावसाळ्याआधी यंत्राने काढणं. दुसरा बिनखर्चाचा. एप्रिल-मेच्या उधाणांना, म्हणजे मोठ्या भरत्यांना, झडपा उचलून खाडीचं पाणी तलावात घ्यायचं, आत फळ्या घालून ते अडवायचं आणि अगदी खालच्या ओहोटीला फळ्या एकदम काढायच्या. पाण्याचा लोंढाच वाट खरवडून नेतो. फळ्या गोदामात आहेत. कितीतरी पावसाळे तिथेच आहेत.

यंत्राची फाईल तिवरांवर अडते. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आधी आणि २०१८ च्या निकालात पक्कं सांगितलं की तिवरांना हात लावायचा नाही, भोवतीची पन्नास मीटर जागाही राखायची, आणि लोकहिताचं काम असेल तर परवानगी घेऊन या. हे योग्यच आहे. तिवरं उठवून भराव घालणाऱ्यांना दुसरा लगाम नाही. पण ‘तिवरांमुळे गाळ काढता येत नाही’ हे वाक्य आमच्याकडे फार सोयीचं झालं आहे. आमच्या झडपेपुढच्या गाळावर त्या दिवशी एकही तिवर नव्हतं. परवानगी नाकारली गेली नव्हती. मागितलीच गेली नव्हती.

रात्री वहीवर हिशेब मांडला, आणि तोच अजून डोक्यातून जात नाही.

११० मिलिमीटर पाऊस एक चौरस किलोमीटरवर, काँक्रीट आणि डांबर जास्त म्हणून त्यातला पंच्याऐंशी टक्के तलावात: सुमारे ९३,५०० घनमीटर. बारा हेक्टरवर ७८ सेंटिमीटर. टायरच्या फटीतून पावणेपाच तासांत फार तर ९,५०० घनमीटर, म्हणजे आठ सेंटिमीटर. सुरुवात ०.६ वर. बेरीज १.४६. प्रत्यक्षात १.३५ आली, कारण वरचं पाणी रस्त्यांवर आणि पार्किंगमध्ये पसरलं. टायर अडकला नसता तरी रस्ता बुडालाच असता, थोडासा कमी.

आता दुसरी बाजू. गाळ नसता तर सकाळी सातच्या ओहोटीला हा तलाव −०.२ पर्यंत रिकामा व्हायला हवा होता. आखणीच तशी आहे. −०.२ पासून सगळा पाऊस आणि वर टायरचं पाणीही मोजा: ०.६६. रस्ता कोरडा, टायर तिथेच असून. म्हणजे साठवणुकीची जी ८० सेंटिमीटर जागा होती, ती पाऊस पडण्याच्या आधीच गेलेली होती. दुपारभर आम्ही जे काही केलं, आकडा, चेनपुली, पंप, फोन, त्यातल्या कशाचाही मुख्य पाण्याशी संबंध नव्हता.

आणि हे दिसलं का नाही? नोंदवहीत पातळीचे तीन रकाने आहेत: सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. पाळी बदलते तेव्हाच्या वेळा. ओहोटी कधी सातला, कधी दहाला, कधी पहाटे तीनला, ती पाळी बघून येत नाही. त्यामुळे तलाव पूर्ण उतरतो का, हे त्या वहीतून कळणं शक्यच नाही. माणसं नेमाने लिहितात, अक्षरही चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला सहा माणसं, फावडी आणि घमेली घेऊन उतरलो. मधोमध मीटरभर रुंदीचा चर काढला. अर्धा चर आम्ही खणला, उरलेला पाण्यानेच कापला. एकदा धार लागली की दोन्ही काठ धडाधड ढासळतात, तेव्हा माणसांना बाजूला ओढावं लागतं. नऊ वाजता पट्टी ०.२५. एवढ्यावर ४२,००० घनमीटर जागा मोकळी झाली. सहा माणसांची एका सकाळची मजुरी.

अहवालात कारण म्हणून ‘फ्लॅप गेटमध्ये टायर अडकल्याने’ असं आहे. फोटो जोडला आहे. ठेकेदाराला झडपांची साफसफाई न केल्याबद्दल नोटीस गेली. माझा हिशेब परिशिष्टात आहे, तिथवर कुणी उलटत जाईल असं वाटत नाही. जाळी बसवण्याचा प्रस्ताव मंजूर झाला. टायर अडवायला ती बरी, पण झडपेपुढे जाळी म्हणजे कचरा साठायची आणखी एक जागा, आणि ती रोज कोण खरवडणार ते प्रस्तावात नाही.

नोंदवहीत चौथा रकाना मी पेन्सिलने आखला: ‘ओहोटीची पातळी आणि वेळ’. रात्रपाळीचा वॉचमन तो नीट भरतो, कोष्टक त्याने मोबाइलमध्ये घेतलं आहे. चर काढल्यावर पहिला आकडा ०.२५ होता. मग ०.३, ०.३५. पुढच्या उधाणाला ०.५.