गॅदरिंगची त्रेपन्न नंबरची गाडी

डिसेंबर लागला की गुहागरात आमच्या शाळेच्या गॅदरिंगच्या तालमी सुरू होतात आणि मला फोन येतो, "काका, हर्बी आणताय ना?" नाटकात कोण, नाचात कोण, हे सगळं त्यानंतर ठरतं.

हर्बी म्हणजे डिस्नेच्या १९६८च्या 'द लव्ह बग' सिनेमातली, स्वतःच्या मनाने धावणारी पांढरी फोक्सवॅगन बीटल. लहानपणी गणपतीत भाड्याच्या व्हीसीआरवर ती पाहिली आणि मनात बसली. पुढे हातात पैसे आल्यावर जुनी बीटल घेऊन तिला तेच रूप दिलं. लाल-पांढरे-निळे पट्टे आणि ५३ आकडा, एवढ्यावर ती ओळखू येते. सांगाड्याला हात लावावा लागत नाही, म्हणून ती रस्त्यावर सुखाने चालवता येते. रंगबदलाची नोंद आरसीत करून घेतली. रस्त्यावर पाटी एमएच ०८चीच. सिनेमातली ओएफपी ८५७ची पाटी शाळेच्या मैदानात शिरल्यावरच चढते.

आकडे रंगवले ते शाळेच्याच चित्रकलेच्या सरांनी. स्टिकर मिळाले असते, पण खाऱ्या दमट हवेत त्यांच्या कडा सुटतात. सरांनी सुतळीचं एक टोक दाराच्या मधोमध अंगठ्याने दाबून धरलं, दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधली आणि एका फेरीत वर्तुळ पुरं केलं. हा आकडा निर्माते बिल वॉल्श यांनी बेसबॉलपटू डॉन ड्रायस्डेल यांच्या जर्सीवरून घेतला, असं मी सांगितलं. सरांनी ब्रश खाली ठेवला, त्या खेळाडूबद्दल सगळं विचारून घेतलं आणि मगच ५३ला हात घातला.

गॅदरिंगला गाडीचं काम एकच, बक्षिसं घेऊन येणं. इंजिन बंद. नववीची मुलं मागे वाकून ढकलतात. एखादा माजी विद्यार्थी सीटपुढच्या जागेत अंग चोरून बसतो, एक हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेला, दुसरा हँडब्रेकवर. सिनेमातही काही दृश्यांत चालक मागच्या सीटवर लपलेला असे. आमची युक्ती तिथूनच आली. तिथे गाडीचा आतला भाग राखाडी रंगवला होता, चित्रीकरणाचे दिवे त्यावर चमकू नयेत म्हणून. मीही तसाच रंगवला आणि त्याचा खरा उपयोग मंडपात कळला. फोकस थेट काचेवर असूनही आतला माणूस कुणाला दिसत नाही. रिकाम्या सीटची गाडी मंडपात शिरते, पहिलीची पोरं उठून उभी राहतात आणि मागून शिट्ट्यांचा नुसता पाऊस पडतो.

मुख्याध्यापिका बाई पुढचं झाकण उघडतात. आत ढाली आणि चषक. "इंजिन कुठाय?" दरवर्षी कुणीतरी ओरडतंच. कार्यक्रम संपला की मी मागचं झाकण उघडतो आणि पोरांचा गराडा पडतो. मला सगळ्यात आवडते ती ही वेळ. एकदा सहावीतल्या मुलीने विचारलं, "रेडिएटर नाही, मग ही घाटात तापत नाही?" मी तिला पंखा दाखवला. इंजिन हवेनेच थंड होतं. एकच बेल्ट बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो फिरवतो आणि डायनॅमोच्याच दांड्यावर पंखा बसवलेला आहे. बेल्ट तुटला की हवा बंद. म्हणून चार्जिंगचा लाल दिवा लागला की घर पाच मिनिटांवर असलं तरी गाडी थांबवायची. तिने बेल्ट बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाली, "मग एक जादाचा ठेवता ना?" ठेवतो. पुढच्या डिकीतून काढून तिच्या हातात दिला.

गॅदरिंगनंतर मुंबईहून आलेले माजी विद्यार्थी आपापल्या पोरांना एक फेरी मारून आणायला सांगतात. समुद्राकडच्या रस्त्याने हळूहळू जायचं, काचा खाली, मागून इंजिनाची टकटक. ड्रम ब्रेक असल्यामुळे वळणाच्या बऱ्याच आधी पाय दाबावा लागतो. चिपळूणच्या रस्त्यावर हे फार सांभाळावं लागतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने खालची बाजू धुतल्याशिवाय मी झोपत नाही. इथली हवा पत्रा खाते आणि बीटलचा तळाचा पत्रा सगळ्यात आधी जातो.

गेल्या गॅदरिंगला नववीच्या मुलींनी बाईंकडे अर्ज दिला की ढकलायचा मान दरवेळी मुलांनाच का. बाईंनी लगेच होकार दिला. मुलींनी मैदानात चुन्याची रेघ मारून दोन संध्याकाळी सराव केला आणि गाडी मंडपात अगदी सरळ आणली. यंदा स्टिअरिंगपाशी लपायलाही माजी विद्यार्थिनीच हवी, असं त्यांनी आत्ताच कळवलंय.