सांगलीच्या थंडीत लेपर्ड गेको

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा उतरला की लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल, खाणं सोडतो. पोटाखाली ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही. पेटीच्या एका टोकाला हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लावा, तीही थर्मोस्टॅटवरच, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्रावर. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, तळाला टेकलेला हवा. तिथे ३१ ते ३३ अंश, दुसऱ्या टोकाला २४-२५. तापणारे दगड विकतात ते मुळीच घेऊ नका, पोट भाजतं.

गेको कात टाकताना त्याची बोटं जपा, सगळ्यात जास्त हाल तिथेच होतात. राहिलेली कात सुकून दोऱ्यासारखी आवळते, रक्त थांबतं आणि बोट झडतं. म्हणून झाकणाच्या डब्याला दार कापून आत ओलसर कोकोपीट कायम ठेवा. तरीही कात अडकलीच, तर कोमट पाण्यात पाय १०-१५ मिनिटं भिजवा आणि ओल्या कापसाने हळूच सोडवा. कोरडी ओढलीत तर कातडीही निघते.

तळाला वाळू नको, आतड्यात अडकते. किचन टॉवेल उत्तम. खायला दिलेला किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नसावा, कॅल्शियम पावडरीत घोळवलेला असावा. शेतातले नाकतोडे मात्र कधीच देऊ नका. तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागांवर फवारणी चालू असते, आणि ते विष थेट त्याच्या पोटात जातं.