परसातलं संत्रं आणि कुंडीतला कढीपत्ता

घर घेतलं तेव्हा झाड घरासोबतच आलं. नेव्हल जातीचं संत्रं, बिनबियांचं. मी विदर्भातल्या वरुडकडची, संत्र्यांच्या पट्ट्यातली, त्यामुळे स्वयंपाकघराआधी परसात जाऊन झाडच बघितलं, असं नवरा अजून सगळ्यांना सांगतो. त्यात कॅलिफोर्नियातल्या आमच्या या जिल्ह्याचं नावच ऑरेंज काउंटी!

गेल्या वर्षी पानं पिवळी पडू लागली. मला वाटलं, जस्त कमी पडतंय. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं.

"सल काढून टाक अन् बुडाले बोर्डो लाव. काही होत नाही त्याले."

म्हणजे वाळक्या फांद्या छाट आणि बुंध्याला मोरचूद-चुन्याचा लेप लाव. पण जस्त कमी असलं की पान मधल्या शिरेच्या दोन्हीकडे सारखंच पिवळं होतं. इथे एका बाजूचे डाग दुसऱ्या बाजूशी जुळत नव्हते. फळं वाकडी, देठाकडे पिकलेली आणि बुडाशी हिरवीच. एक सोलून खाल्लं तर कडू. कोवळ्या फुटीवर तीळभर किडे बसलेले, डोकं खाली, शेपूट वर. ते बघून बाबा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "सिला हाय."

हा सिला रस शोषताना झाडात जिवाणू सोडतो. आपल्याकडे रोगाला ग्रीनिंग म्हणतात, इथे त्याचं चिनी नाव चालतं, हुआंगलाँगबिंग. लागण झाली की झाड बरं करणारं औषध नाही. फ्लोरिडात हा २००५ साली सापडला आणि तिथला संत्र्याचा धंदा बसला. कॅलिफोर्नियातलं पहिलं रोगट झाड २०१२ साली लॉस एंजेलिसजवळ मिळालं, तेही कुणा बागायतदाराकडे नाही, एका घराच्या अंगणात. म्हणून इथे परसातल्या झाडांवरही नजर असते.

सरकारी हेल्पलाइनला फोन केला. माणसं आली, पानं घेऊन गेली. रोग निघाला. झाड ती माणसंच कापून नेतात, पैसे घेत नाहीत.

बाबांना हे काही केल्या पटेना. "आपलं झाड कापाले सरकार काऊन येते?"

रोग शेजाऱ्यांच्या लिंबांवर जाईल, असं मी सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण फोनही ठेवला नाही.

खरी पंचाईत पुढेच होती. जाता जाता त्यांच्यातली बाई कुंडीपाशी थांबली. कढीपत्ता! हा लिंबाच्याच कुळातला, आणि सिल्याला भारी आवडतो. कढीपत्त्याला स्वतःला रोग होत नाही, पण किडा त्यावर सुखाने वाढतो. २००९ साली कॅलिफोर्नियातल्याच फ्रेस्नोत भारतातून आलेल्या पार्सलमधल्या कढीपत्त्यात रोगाचे जिवाणू असलेले सिले सापडले होते, तेही वास घेणाऱ्या कुत्र्यामुळे. आणि मी? इथल्या मराठी मंडळातल्या निम्म्या घरांत माझ्या कुंडीतली रोपं हौसेने वाटलेली. त्या संध्याकाळी एकेकीला फोन करून सांगताना लाज वाटली. दोघींनी तर विचारलं, मग फोडणीत काय घालायचं?

नंतर एका रविवारी आम्ही रिव्हरसाइडला गेलो. कॅलिफोर्नियातल्या नेव्हलचं मूळ झाड तिथे आहे, १८७३ साली लावलेलं. सिल्यापासून वाचवायला त्याच्यावर आता जाळीचा तंबू आहे. लग्नाच्या मांडवात आजोबांना बसवावं तसं दिसतं.

परसातल्या रिकाम्या जागी संत्रं-लिंबू नको, म्हणून डाळिंब लावलं. बाबांना फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं:

"डायिंबावर तेल्या रोग येते. मालूम हाय ना?"