तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तकात नसलेलं गणित शिक्षकांना कशाला?

शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये मी डिस्क्रीट मॅथ्स, म्हणजे सुट्या सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींचं गणित, घेते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, अहो पण हे शाळेच्या पुस्तकात आहे कुठे, मग शिक्षकांच्या डोक्याला ताप कशाला? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

अगदीच नाही असं नाही, संच आहेत, संभाव्यता आहे, परम्युटेशन-कॉम्बिनेशन आहे, पण ते सगळं सूत्रांत कोंबलेलं. ग्राफ थिअरी, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं गणित, मात्र नसल्यातच जमा, आणि मला नेमकी तीच घ्यायला आवडते कारण तिथे शिक्षकाच्या हाताशी आयतं सूत्र नसतं. वर्षानुवर्षं वर्गसमीकरणं शिकवलेला माणूस उत्तर माहीत असल्याशिवाय खडू उचलत नाही आणि मुलांनी मात्र अनोळखी गणिताला बिनधास्त भिडावं अशी अपेक्षा, हे काही मला पटत नाही.

म्हणून सुरुवात पाकिटाने. बंद पाकीट, म्हणजे आयत आणि त्याचे दोन कर्ण, पेन न उचलता आणि कुठलीच रेघ दोनदा न गिरवता काढा. सगळे लागतात कामाला, कागदांचा ढीग होतो, जमत कुणालाच नाही. मग त्यालाच वर दोन तिरक्या रेघा जोडून उघडं पाकीट करायचं, म्हणजे रेघा वाढल्या आणि तरी ते जमतं! इथे हमखास कोणीतरी विचारतं, "मॅडम, सूत्र काय याचं?" मी सांगत नाही. प्रत्येक कोपऱ्यात किती रेघा मिळतात ते मोजा, एवढंच म्हणते. बंद पाकिटात चारही कोपऱ्यांत तीन-तीन. उघड्यात वरचे दोन कोपरे चार-चारचे होतात, टोकाला दोन, खालचे दोन तीनचेच राहतात. मग हळूहळू उजेड पडतो की मधल्या कुठल्याही कोपऱ्यात एका रेघेने आत आलं की दुसरीने बाहेर पडावं लागतं, रेघा जोडीने खर्च होतात, त्यामुळे विषम आकडा चालला तर फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या कोपऱ्यात. चार विषम कोपरे म्हणजे खेळ खलास. उघडं पाकीटसुद्धा खालच्या कोपऱ्यातूनच सुरू करायचं, वरून केलंत की अडकलात.

"मला जमत नाही" पासून "कुणालाच जमणार नाही आणि का ते मी सांगतो" इथपर्यंतचा हा प्रवास शालेय गणितात फार क्वचित होतो. कोनिग्सबर्ग या जुन्या प्रशियातल्या शहराचे सात पूल मी यानंतरच काढते. चार भूभाग, त्यांना लागून ५, ३, ३, ३ पूल, सगळे विषम, म्हणून प्रत्येक पूल एकेकदाच ओलांडून फिरणं अशक्य, हे ऑयलर या गणितज्ञाने १७३५ मध्ये दाखवलं. हेच आधी सांगितलं तर सगळे वहीत उतरवून घेतात नि विषय संपतो.

रंगांचंही तसंच. शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगांचे ठेवायचे तर कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतात का हा प्रश्न फ्रान्सिस गथ्रीला १८५२ मध्ये पडला, सिद्धता अपेल आणि हाकेन या गणितज्ञांनी १९७६ मध्ये दिली, तीही कॉम्प्युटरला राबवून. आणि एखादा मोठा ग्राफ (बिंदू-रेघांचं जाळं) तीन रंगांत बसेल की नाही, म्हणजे रेघेने जोडलेले बिंदू वेगळ्या रंगांचे ठेवता येतील की नाही, हे कायम झटपट सांगणारी पद्धत आजही कुणाकडे नाही. परीक्षेचं वेळापत्रक लावणाऱ्या शिक्षकांना हे लगेच भिडतं बरं का, कारण एकाच मुलाचे दोन पेपर एका वेळी येऊ नयेत हा रंगांचाच प्रश्न आहे (विषय म्हणजे बिंदू, दोन विषयांना एकच मूल असलं की त्यांच्यात रेघ, वेळ म्हणजे रंग).

डिस्क्रीट मॅथ्सचा स्वतंत्र विषय करावा का, यावर अमेरिकेत बरंच झालंय. तिथल्या गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८९ मध्ये नववी ते बारावीसाठी त्याचं वेगळं स्टँडर्ड (इयत्ता नव्हे, काय शिकवावं याचा निकष) ठेवलं, २००० मध्ये ते काढून विषय बाकीच्या भागांत मिसळला. मला मिसळलेलंच बरं वाटतं, वेगळा धडा झाला की लगेच त्याचे पाच मार्कांचे प्रश्न होतात आणि पाठांतर सुरू. एका दिवसाची सर्टिफिकेटवाली ट्रेनिंगं मात्र नकोतच, वर्गात करून बघून प्रश्न घेऊन परत आल्याशिवाय काही मुरत नाही.

राहिलं कितवीपासून. पाकीट तिसरीतली मुलंही काढतात, कारण मात्र सहावी-सातवीत विचारावं. आणि गणिताची डिग्री लागत नाही हो, प्राथमिकचे शिक्षक उलट भराभर पुढे जातात, ते सूत्र मागत बसत नाहीत.