उगाच आलेलं गिऱ्हाईक

शहराला वैतागलेलं कुणीतरी एका लहान गावात येतं, बंद पडलेलं दुकान भाड्याने घेतं, भिंती रंगवतं आणि हाताचा रंग निघायच्या आत प्रेमात पडतं. या साच्यातल्या गोष्टी ढिगाने मिळतात, आणि त्या वाचताना मला त्यातल्या प्रेमापेक्षा हिशोबच जास्त खोटा वाटतो. भांडवल कुठून आलं, पहिला माल उधारीवर कुणी दिला, मंदीच्या महिन्यात भाडं कसं निघालं, यावर लेखक चकार शब्द काढत नाहीत. अमेरिकेतली सरकारी आकडेवारी बघितली तर तिथे सुरू होणाऱ्या पाच धंद्यांपैकी साधारण एक पहिल्याच वर्षी बसतो, आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे. गोष्टीतल्या नायिकेचं दुकान मात्र त्या पाचांतलं एक कधीच नसतं.

प्रेमाचं म्हणाल, तर ते मला सहज पटतं.

कारण दुकानासारखी सोयीची जागा नाही. कुणाच्या घरी जायचं तर निमित्त शोधावं लागतं, रस्त्यात थांबवून बोलायचं तर धाडस लागतं. दुकानात निमित्त विकतच मिळतं. काल खिळे नेलेला माणूस आज पुन्हा खिळ्यांनाच येतो. उद्या ते आखूड निघाले म्हणून बदलायला येतो. हा भिंतीत एवढं काय ठोकतोय, असं विचारायची कुणाला गरज वाटत नाही. दुकानदाराला तर तेवढंही करावं लागत नाही. गल्ल्यामागे बसून राहणं हेच त्याचं काम. नुसतं दिसत राहण्याला कमी लेखू नये. रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दिसायला साधारण सारख्या चार तरुणींपैकी एक कॉलेजच्या वर्गात एकदाही गेली नाही, बाकीच्या ५, १० आणि १५ वेळा जाऊन बसल्या. कुणाशी बोलायचं नाही, फक्त बसायचं. शेवटी मुलांना चौघींचे फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा येऊन बसली होती ती जास्त आवडली. गंमत म्हणजे तिला आपण पाहिलंय हेही बहुतेकांना सांगता येत नव्हतं. दुकानदाराच्या अशा पंधरा हजेऱ्या दोन-अडीच आठवड्यांत भरतात.

त्यात तो नवखा. शटर अडकलं तर कुणाला बोलवायचं, मालाची गाडी कोणत्या वारी येते, छत गळायला लागलं की घरमालकाला कसं गाठायचं, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. त्यामुळे तो दिवसभर विचारत असतो. आपल्याला वाटतं, मदत करणारा माणूस आवडतो. १९६९ साली छापून आलेल्या एका प्रयोगात उलटंच दिसलं. स्पर्धेत जिंकलेले पैसे ‘माझ्यासाठी एवढं कराल का’ म्हणून संशोधकाने काही जणांकडे परत मागितले. ज्यांनी ते दिले, त्यांना तो पैसे न मागितलेल्यांपेक्षा जास्त आवडला. आपण एखाद्यासाठी शिडी धरून उभे राहिलो की तो शिडी धरण्याच्या लायकीचा आहे, असं मन स्वतःलाच पटवत असावं. चार पिढ्या गावात काढलेल्या दुकानदाराची शिडी धरायला त्याचा पुतण्या असतो. नव्याला परकेच धरतात.

अडचण वेगळीच आहे. हसून बोलणं हा दुकानदाराच्या धंद्याचा भाग. सकाळपासून तो ज्या आपुलकीने सगळ्यांना ‘या, बसा’ म्हणतो, त्याच आपुलकीने यालाही म्हणतो. मग यातलं आपल्या वाट्याचं किती, हे गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? आणि दुकानदाराने तरी? समोरचा माणूस खिळ्यांसाठी आला की आपल्यासाठी, हे चुकीचं ताडलं तर एक गिऱ्हाईक गेलं, आणि लहान गावात एक कधीच एकटं जात नाही. शिवाय छातीतली धडधड नेमकी कशाची, हाही प्रश्न उरतोच. कॅनडात कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावर एका तरुणीने पुरुषांची मुलाखत घेऊन त्यांना आपला फोन नंबर दिला, तेव्हा पक्क्या पुलावर भेटलेल्यांपेक्षा त्यांच्यातल्या जास्त जणांनी तिला नंतर फोन केला. भीतीने उडालेली छाती त्यांनी तिच्या नावावर टाकली, असा अर्थ १९७४ साली संशोधकांनी लावला. धंद्याचं पहिलं वर्ष म्हणजे असाच एक झुलता पूल. भाड्याची तारीख आणि ते माणूस एकाच दिवशी आलं, तर खरं कारण छातीलाही सांगता यायचं नाही.

माझा भरवसा एकाच खुणेवर आहे: माणूस दुकानात आला आणि काय घ्यायचं ते विसरला. ही खूण गाव बरोबर टिपतं, बहुतेक वेळा त्या दोघांच्या आधी. समोरचा दुकानदार तर वेळसुद्धा सांगेल.

आणि एकदा जमलं की पहिला भांडणाचा विषय ठरलेला. आता पैसे घ्यायचे की नाही? घेतले तर परकेपणा, नाही घेतले तर महिनाअखेर हिशोब जुळत नाही. नव्या धंद्याला सगळ्यात गरज असते नेमाने येणाऱ्या गिऱ्हाइकाची, आणि तेच आता गल्ल्याच्या आतल्या बाजूला येऊन बसलेलं असतं. वर म्हणतं, खिळ्यांचा भाव जरा जास्तच लावला होतास.