शेकायला कमी, बसायला जास्त

दापोलीकडची पहाट सोडली तर आपल्या कोकण किनाऱ्यावर शेकोटीवाचून कुणाचं अडत नाही. तरी डिसेंबर लागला की परड्यात ती पेटतेच, कारण ती शेकायला कमी आणि बसायला जास्त असते. म्हणून ती लहानच हवी. खुर्च्या मागे सरकवाव्या लागल्या की समजावं, लाकडं जास्त झाली.

जागा ठरवताना आधी वर बघावं. सुकी झावळी लोंबत असेल, आंब्याची फांदी आडवी आली असेल, तर दुसरा कोपरा. घर, मांगर (शेतावरची खोप) किमान १० फूट लांब; गवताची उडवी असेल तर त्याच्या तिप्पट. भोवतीचा ५ फुटांचा पातेरा झाडून लाल माती उघडी करावी. जांभ्याचे चिरे ३ फूट रुंद गोलात मांडताना मध्ये बोटभर फटी ठेवाव्यात, जाळाला हवा तिथूनच मिळते. मात्र जांभा पावसाळाभर पाणी पितो. हंगामातली पहिली आग अर्धा तास तरी बारीक ठेवली नाही, तर आत वाफ कोंडून चिरा तडकतो आणि खपल्या उडतात. नदीतले गोटे तर नकोतच.

पेटवायला माडाची सुकी पोय (फुलोऱ्यावरचं आवरण) आणि मूठभर हीर (झावळीच्या पात्यांच्या काड्या) पुरतात. त्यावर करवंट्या पालथ्या घालाव्यात, म्हणजे खाली हवा खेळते. त्या धडधडल्या की मनगटाएवढी सुरूची किंवा ऐनाची वाळलेली लाकडं. सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, सुरुवातीलाच टाकायची घाई बहुतेक जण करतात आणि मग डोळे चोळत बसतात. सोडण जळण्यापेक्षा धुमसतं जास्त. डास आलेच तर शेवटी एखादं कडेला सारावं. बांबूची पेरं आधी फोडावीत, नाहीतर फटाके वाजतात. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, काडी ओढताच भडका पायाशी येतो. ते नकोच.

बसायचं कुठे? दिवसाचा वारा समुद्राकडून येतो, रात्री मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुटते आणि धूर उलटा फिरतो. म्हणून खुर्च्या उत्तर-दक्षिण बाजूंना मांडाव्यात. पश्चिमेला बसलेला माणूस रात्री नऊनंतर हमखास उठतो.

आता काजू. बिया निखाऱ्यात टाकायचा मोह प्रत्येक घरात एकाला तरी होतोच. टरफलातलं तेल तापलं की पेट घेऊन पिचकारीसारखं उडतं, कातडीवर फोड आणतं. धूरही डोळ्यांना, घशाला झोंबतो. बिया भाजण्याचं काम दिवसा, माणसांपासून लांब, वेगळ्या चुलीवर करावं. होडीच्या जुन्या फळ्याही जाळायला नकोत: त्यांना रंग, तेल आणि मीठ सगळंच लागलेलं असतं. इथे रताळी घालावीत. मध्यम आकाराची, ज्वाळेत नाही, गरम राखेत पुरून, पाऊण तास. सुरी सहज आत गेली की काढावीत.

विझवणं मात्र कंटाळत केलं जातं. वर माती ओढली की काम झालं असं वाटतं, पण सोडणाचा निखारा मातीखाली रात्रभर जिवंत राहतो आणि पहाटेच्या वाऱ्यावर ठिणगी गवतात जाते. दोन बादल्या आधीपासून भरलेल्या हव्यात. पाणी तापलेल्या चिऱ्यांवर न ओतता निखाऱ्यांवर कडेकडेने शिंपडावं, काठीने ढवळावं, पुन्हा शिंपडावं. वरून तळहाताची मागची बाजू धरून ऊब लागत नाही ना, हे बघूनच उठावं. राख सकाळी पत्र्याच्या घमेल्यात भरून थोडी थोडी माडांच्या आळ्यांत टाकावी. प्लॅस्टिकचं घमेलं घेतलंच, तर आधी राखेत काठी फिरवून बघावी. तळाला भोक पडायला एक निखारा पुरतो.