थेस्सालोनिकी: आधी वर चढा, मग उतरत या

अथेन्सनंतर तीन दिवस उत्तर ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरात होतो. पहिल्याच दिवशी चूक केली ती दिशेची. समुद्राकाठच्या व्हाईट टॉवरपासून सुरुवात करून भर दुपारी वरच्या जुन्या वस्तीचा, आनो पोलीचा, चढ चढायला घेतला. ओसिओस दाविद या चिमुकल्या चर्चपाशी घामाघूम होऊन पोहोचलो, तर दाराला कुलूप! दुपारी बरीच चर्च बंद असतात, हे तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने थेट वर गेलो. दार उघडं होतं. आत जेमतेम दहा-बारा माणसं मावतील. समोरच्या कमानीत मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र, त्यात दाढी नसलेला तरुण ख्रिस्त. प्लास्टरखाली दडलेलं हे चित्र 1921 साली उजेडात आलं. आम्ही दोघं बराच वेळ नुसतेच उभे होतो. तेवढ्यात एक आजी आल्या, मेणबत्ती लावली आणि गेल्या.

तिथून उतरत आयोस दिमित्रिओसला या. 1917 च्या आगीत जळालेलं हे चर्च पुन्हा बांधलंय, पण सातव्या शतकातली काही मोझेइक वाचली. तळघरात नक्की उतरा, तिथे रोमन स्नानगृहाचे अवशेष आहेत.

मग रोटुंडा. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सम्राट गॅलेरियसच्या काळात बांधलेली गोल इमारत, भिंती सहा मीटरहून जाड. पुढे तिचं चर्च झालं, मग मशीद. मिनार अजून शेजारी उभा आहे. आत मान वर करून घुमटाखालची मोझेइक पाहताना मान अवघडते, ते चालवून घ्या. जवळच गॅलेरियसची कमान, म्हणजे 'कामारा'. इराणी सैन्याशी झालेल्या लढाया तिच्यावर कोरल्यात आणि तिच्याच सावलीत कॉलेजची पोरं मित्रांची वाट बघत मोबाईलमध्ये डोकं घालून असतात.

मेट्रो चुकवू नका. ती 2024 च्या नोव्हेंबरअखेर सुरू झाली. वेनिझेलू स्टेशनात खोदकामात सापडलेला जुना संगमरवरी रस्ता जतन केलाय.

बूट चांगल्या पकडीचे घाला, वरच्या गल्ल्यांतले दगड गुळगुळीत झालेत. चर्चसाठी खांदे-गुडघे झाकणारे कपडे ठेवा. शाकाहारींनी सकाळी बुगात्सा, म्हणजे पातळ पापुद्र्यांचा सारण भरलेला भाजलेला पदार्थ, खावा. आतलं सारण मात्र विचारून घ्या, कारण क्रीमचा आणि चीजचा असतो तसा खिम्याचाही मिळतो.